दोन रिंगा

बारामती
दि. ६ सप्टेंबर १९९८

ती. ताईस,
अवीचा नमस्कार.

तुझी फ्लॉपी परवाच्या एसटीनं पोचली, पण वाया गेली. कंडक्टरनं ती जपून ठेवली होती म्हणे, म्हणजे वरच्या खिशात, तंबाखूच्या डबीला चिकटवून. कॉम्प्युटरात घातली तर नुसती करकरली. तुझ्या बोटांनी टाइप केलेली शाळेची अख्खी स्मरणिका त्या करकरीत गेली. तू पुन्हा पाठवशील हे मला ठाऊक आहे, पण या वेळी प्रेसच्या मालकांनी तोंड उघडलं. म्हणाले, "तुमच्या बहिणीचं काम झाक हाय, एक चूक सापडत न्हाय. पर शेळगावात बसून हे जमायचं न्हाय. हितलीच एखादी पोरगी बघू." मी त्यांच्याकडून दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली आहे.

आता मी काय केलंय ते ऐक, आणि हसू नकोस. एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं जुने कॉम्प्युटर भंगारात काढले. त्यातला एक मी उचलून आणला. म्हातारा आहे, धापा टाकतो, टायपिंगला तर काहीच कामाचा नाही. पण त्याला टायपिंग करायचंच नाहीये, ते तू तुझ्या कॉम्प्युटरवरच करशील; दोघांना मी एका वायरनं जोडून देतो. त्यानं तुझ्या फाइली पोटात ठेवून नुसतं जागं बसायचं. मी इथून प्रेसमधून फोन लावला की त्यानं फोन उचलायचा आणि मागेन ती फाइल मला द्यायची. एसटी नको, फ्लॉपी नको, कंडक्टरही नको. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत लिनक्स नावाची फुकटची प्रणाली होती, ती त्याच्यावर चढवली. स्क्रीन लागत नाही, की-बोर्ड लागत नाही. वीज इतकी कमी खातो की लाइट गेली तरी दाजींच्या टेम्पोची जुनी बॅटरी आणि एक इन्व्हर्टर त्याला दिवसभर पुरेल.

रविवारी तो घेऊन येतो. तुमचा फोन मधल्या खोलीतच आहे ना? तुझ्या सासूबाईंना, छबूआत्यांना, आधी सांगून ठेव. मला पाहून त्या खूश होतात, पण माझ्या पिशवीतल्या वस्तू पाहून कधीच होत नाहीत.

तुझा,
अवी

-----

शेळगाव
दि. ४ ऑक्टोबर १९९८

चि. अवीस आशीर्वाद.

तुझं मशीन अजून जिवंत आहे, पण आज मी त्याची फोनची वायर उपसून ठेवली आहे. का ते सांगते.

पहिल्या दिवशी सगळं बरं होतं. आत्यांनी त्याला बिरोबाचा भंडारा लावला. त्यातला निम्मा पंख्याच्या भोकातून आत गेला, ते मी तुला मुद्दाम कळवलं नव्हतं. "तोंड न्हाय, डोळं न्हाय, नुसतं घुरघुरतंय," असं म्हणून त्या रोज त्याच्यावरची धूळ पुसतात. पण तू त्याला पहिल्या रिंगलाच फोन उचलायला शिकवलंस. आता घरात कुणाचाही फोन आला की आमच्या आधी तेच उचलतं आणि समोरच्याच्या कानात किंचाळतं. माझी नणंद विजयमाला माहेरी फोन लावायचीच बंद झाली आहे.

तेही मी निभावलं असतं. खरी अडचण ह्यांच्या रिंगांची आहे. तुला हे कधी सांगितलं नव्हतं, कारण आमच्याकडे ते सांगण्यासारखं कुणाला वाटतच नाही. हे टेम्पोत डाळिंबं भरून रात्री निघतात आणि पहाटे वाशीच्या मार्केटला पोचतात. पोचले की बूथवरून घरी दोन रिंगा देतात आणि ठेवून देतात. बोलायचं काही नसतं. दोन रिंगा म्हणजे पोचलो. आत्या गोठ्यात धार काढत असतात, तिथूनच मोजतात, "पोचला," म्हणतात, आणि मगच चहा घेतात.

तुला हे चिंगूसपणाचं वाटेल. पण आत्या लग्न होऊन आल्या तेव्हा ह्या घरात मेंढरं होती. सासरे मेंढरं घेऊन कोकणात उतरले की पार पावसापर्यंत माणूस आहे की नाही ते कळायचं नाही. त्या म्हणतात, "आमी वाट बघून डोळं घालवलं. आता दोन रिंगांत पोरगं दिसतंय." आणि रिंगा आल्या नाहीत तर त्या गप्प बसत नाहीत. गेल्या वर्षी उजाडलं तरी फोन वाजला नाही, तेव्हा त्यांनी वाशीच्या अडत्याला, म्हणजे आपल्या तात्याबांना, फोन लावायला लावला. तात्याबांनी घाटातून येणाऱ्या ड्रायव्हरांना सांगितलं आणि त्यांनी ह्यांना शोधून काढलं. एक्सल तुटून घाटात अडकले होते.

मशीन आल्यापासूनची ह्यांची पहिलीच खेप होती; काल पहाटे ह्यांनी दोन रिंगा द्यायला फोन लावला. तुझ्या मशीननं पहिलीच गिळली आणि त्यांच्या कानात किंचाळलं. तात्याबांचा फोनही लागेना, म्हणून आत्या ऊन वर येईपर्यंत फोनसमोर बसून होत्या, पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. ह्यांना कळलं तेव्हा मला एवढंच म्हणाले, "तुझं काम तू सोडू नगंस. पर आईचं काय ते बघ."

मला काम सोडायचं नाही, अवी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या घरात माझ्या नावानं कुणी विचारत येतं ते ह्या टायपिंगमुळेच. काहीतरी मार्ग काढ.

तुझी,
ताई

-----

बारामती
दि. ९ ऑक्टोबर १९९८

ती. ताईस नमस्कार.

मार्ग सापडला. आता मशीन कुणाचाही फोन उचलणार नाही. नणंदबाईंचाही नाही, दाजींचाही नाही. फक्त माझाच उचलेल. मी आधी दोन रिंगा देईन आणि ठेवून देईन. तेवढ्यानं ते सावध होईल. मग मी लगेच दुसऱ्यांदा फोन लावीन, तो मात्र रिंग धड वाजायच्या आतच उचलेल. दुसरा फोन आला नाही तर पुन्हा गप्प बसेल.

रविवारी येऊन तसं करून देतो. पंख्यातला भंडाराही काढतो.

अवी

-----

शेळगाव
दि. १५ नोव्हेंबर १९९८

चि. अवी,

हे पत्र पोस्टानं येत नाहीये. मशीनमध्ये ठेवलंय, तालुका खरेदी-विक्री संघाच्या अहवालाशेजारी. तू अहवाल उचलशील तेव्हा हेही उचल. मधल्या खोलीत फोनवर बोलायचं म्हणजे सगळं घर ऐकतं. इथं लिहिलेलं कुणाला दिसत नाही, हे मला फार आवडलं आहे.

मशीन शहाण्यासारखं वागतंय. परवा दिवसभर लाइट नव्हती तरी ह्यांच्या बॅटरीवर घुरघुरत होतं. तुझ्या मालकांनी दिवाळीला साडी पाठवली, ती आत्यांनी अख्ख्या गल्लीला दाखवली. "आमच्या सुनंचं काम तारंतनं जातं," असं सांगत होत्या.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. तुझ्या रिंगा दोन आणि ह्यांच्याही दोनच. तू दुपारी लावतोस आणि ते पहाटे, म्हणून आजवर गोंधळ झालेला नाही. दुपारी दोन रिंगा वाजल्या की आत्या म्हणतात, "अवीचं भूत आलं." तेवढं ठीक आहे. पण तू पहाटे कधी लावू नकोस. कितीही घाईचं काम असलं तरी नाही. मला तसा शब्द दे.

ताई

-----

बारामती
दि. १७ नोव्हेंबर १९९८

ती. ताई,

हे पत्र मीही मशीनमध्येच टाकलंय. वाचलंस की पुसून टाक, त्याचं पोट लहान आहे.

शब्द दिला. दुपारशिवाय लावणार नाही. हवं तर रिंगा बदलून तीन करतो. पण तुळशीचं लग्न झालं, आता पत्रिकांची रीघ लागली आहे आणि मी प्रेसमध्येच जेवतोय. जरा मोकळा झालो की पहिलं ते काम करतो.

दाजींना सांग, त्यांच्या बॅटरीला प्रेसमधले सगळे मान देतात.

अवी

-----

शेळगाव
दि. २ जानेवारी १९९९

चि. अवीस,

पोस्टानं लिहिते आहे. मशीन बंद आहे.

ह्यांना काल घरी आणलं. तू दवाखान्यात धावत आलास, रक्त दिलंस, दोन रात्री पायऱ्यांवर काढल्यास, हे मी विसरणार नाही. पण तिथं तू माझ्याकडे बघत नव्हतास, आणि मलाही विचारायची ताकद नव्हती. तुला सगळं सांगायचं राहिलं आहे, म्हणून आज लिहिते.

अपघाताच्या आदल्या रात्री हे नेहमीसारखे निघाले. पहाटे मी चूल पेटवत होते आणि आत्या गोठ्यात होत्या. फोन वाजला. दोनदा वाजला आणि थांबला. आत्या गोठ्यातून म्हणाल्या, "पोचला." मीही ऐकलं. चहा झाला. मग मी टायपिंगला बसले आणि आत्या मळ्यात गेल्या. इतका साधा दिवस होता.

संध्याकाळी तात्याबांचा फोन आला. "शंभूराज, आज माल का न्हाय पाठवला?" असंच त्यांनी सुरू केलं. त्यांना वाटलं होतं, फोन ह्यांनीच घेतलाय. मी म्हटलं, "पहाटंच पोचले की." ते म्हणाले, "कोण पोचलं?" आत्या समोरच उभ्या होत्या. माझ्या तोंडाकडे बघून त्या खाली बसल्या.

टेम्पो घाटात कठडा तोडून खाली झाडीत गेला होता. रस्त्यावरून दिसत नव्हता. तात्याबांनी माणसं लावली तेव्हा अंधार पडायला आला होता. दिवसभर हे पाय अडकून तिथं पडून होते आणि वर गाड्यांचे आवाज ऐकत होते. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणलं असतं तर पाय ठेवता आला असता. गुडघ्याखालून काढला, ते तू पाहिलंच आहेस.

रिंगा आल्या नसत्या तर आत्यांनी सूर्य वर यायच्या आत तात्याबांना उठवलं असतं.

आता आत्यांचं सांगते. त्यांना वाटतंय की त्याच मोजायला चुकल्या. "एकच वाजली आसंल. मला म्हातारीला दोन ऐकू आल्या," असं घोकत बसतात. ह्यांच्यासमोर जात नाहीत, ताट माझ्या हाती देतात. फोन वाजला की पदर कानावर घेतात. कालपासून धार काढायलाही बसल्या नाहीत. म्हणतात, "मला कायबी विचारू नगा, माझं कान मेलं."

पण अवी, दोन वाजल्या होत्या. मी ऐकल्या. त्या रिंगा तू दिल्या होत्यास का?

ताई

-----

बारामती
दि. ९ जानेवारी १९९९

ती. ताईस नमस्कार.

पत्र पोचलं. दाजींची जखम कशी आहे? इथं एक माणूस जयपूर फूटची माहिती घेऊन आला होता. पुण्यात शिबिर भरतं म्हणे, मी नाव घालून ठेवतो. टेम्पोच्या इन्शुरन्सचे कागद माझ्याकडे पाठव, इंदापूरला खेपा मी घालीन. तू त्यात पडू नकोस. मालकांनीही विचारलं आहे, तुझी जागा तशीच ठेवली आहे. छबूआत्यांना डॉक्टरला दाखवायचं का? बारामतीत कानाचे चांगले डॉक्टर आहेत.

काहीही लागलं तरी कळव.

अवी

-----

शेळगाव
दि. १४ जानेवारी १९९९

अवी,

मी एकच गोष्ट विचारली होती. तू सगळ्याचं उत्तर दिलंस, तेवढ्याचं दिलं नाहीस. त्यातच मला उत्तर मिळालं.

आत्यांच्या कानाला काही झालेलं नाही. त्यांना डॉक्टरकडे न्यायचं असं तू लिहू शकलास, याचाच मला जास्त राग आला आहे.

आता माझं ऐक. मला आत्यांना एक वाक्य सांगायचं आहे आणि ते माझ्या घशातून निघत नाही. ते सांगितलं तर त्यांचे कान सुटतील, पण मग तू ह्या घरातून सुटशील. मशीन जाईल, माझं काम जाईल. विजयमाला तर बसलीच आहे म्हणायला, सुनेच्या हौसेपायी भावाचा पाय गेला म्हणून. मी गप्प आहे, आणि रोज सकाळी एक म्हातारी माझ्यासमोर स्वतःला खाते आहे. हे मी किती दिवस बघू?

ताई

-----

बारामती
दि. १८ जानेवारी १९९९

ताई,

मीच लावला होता.

एका लग्नाची पत्रिका होती. मुलाकडच्यांनी रात्री तारीख बदलली, सकाळच्या गाडीनं पत्रिका न्यायच्या होत्या. तू ती पत्रिका टाइप करून रात्रीच मशीनमध्ये ठेवली असशील याची मला खात्री होती; तारीख मी इथंच बदलणार होतो. मी रात्रभर छपाईवर उभा होतो. पहाट आहे हे दिसत होतं, पण तुला दिलेला शब्द आठवला नाही. आठवला असता आणि तरी लावला असता तर मी जास्त हरामखोर ठरलो असतो. पण आठवला नाही, हे काही फार बरं नाही.

दोन रिंगा दिल्या, ठेवला, परत लावला. फाइल मिळाली. मला तर आनंद झाला होता, ताई. मशीन किती नीट चाललंय असं वाटलं. दवाखान्यात तू पहाटेचा फोन म्हणालीस तेव्हा मला कळलं. म्हणून मी पायऱ्यांवर बसलो, आत येववत नव्हतं.

तीन रिंगा करायचं काम माझ्याकडून राहून गेलं, तेही खरं आहे. फोनवरूनच पाच मिनिटांत झालं असतं.

तू सांगू नकोस. मी येतो आणि छबूआत्यांच्या समोर उभा राहून सांगतो. दाजींनाही सांगतो. त्यांनी मारलं तरी चालेल. फक्त मला तारीख कळव, कारण तू बोलावल्याशिवाय यायची माझी हिंमत होत नाही.

अवी

-----

शेळगाव
दि. ७ मार्च १९९९

चि. अवीस आशीर्वाद.

तुला तारीख कळवली नाही, कारण तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी सांगून टाकलं. तू येईपर्यंत थांबले असते तर पुन्हा गिळलं असतं. हे खाटेवर होते आणि आत्या दारात शेंगा फोडत होत्या. मी म्हटलं, "आत्या, तुमी बरोबर मोजल्या. दोनच वाजल्या. त्या अवीच्या हुत्या."

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग म्हणाल्या, "मंजी माझं कान बरं हायेत." आणि रडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडल्या. मला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. माझ्या हातचं खातात, पण मला हाक मारत नाहीत. "एवढं दिस मला जळू दिलंस," एवढंच एकदा म्हणाल्या. त्यांचं बरोबरच आहे. तुझ्यापेक्षा माझ्यावर त्यांचा राग जास्त आहे, आणि तो मला मान्य आहे.

हे मात्र भिंतीकडे तोंड करून पडले ते दोन दिवस उठलेच नाहीत. मग मला म्हणाले, "कठडा मी तोडला. झोप मला लागली. त्याला कशाला धरू?" त्यानंतर हा विषय त्यांनी काढलेला नाही. तुला माफ केलं असं ते कधी म्हणणार नाहीत, आणि तू तशी अपेक्षाही ठेवू नकोस.

तरी घर काही पूर्ववत होईना. फोन वाजला की आत्या जागच्या जागी थांबतात. परवा कुणाचा तरी चुकून लागला, दोनदा वाजून थांबला. हे समोर खाटेवर बसलेले होते, तरी आत्या उठून दारापर्यंत गेल्या आणि रस्त्याकडे बघत राहिल्या. हाक मारली तेव्हा भानावर आल्या. ह्यांनी ते पाहिलं.

काल सकाळी हे कुबड्या घेऊन उठले. म्हणाले, "स्टँडवर जाऊन येतो." मी बरोबर निघाले तर म्हणाले, "तू हितंच थांब." कुबड्या लागल्यापासून ते फाटकाबाहेर एकटे कधी गेले नव्हते. मी ओट्यावर उभी राहून बघत होते, ते वळणाआड गेले तरी तिथंच उभी राहिले. आत्या गोठ्यात होत्या. इतक्या दिवसांनी पुन्हा धारेला बसल्या होत्या.

फोन वाजला. एकदा. दोनदा. थांबला.

गोठ्यातला धारेचा आवाज थांबला. आत्या बाहेर आल्या, हात तसेच दुधाचे. माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, मला काहीच माहीत नव्हतं. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. खूप वेळानं हे वळणावर दिसले, घामाने भिजलेले, एकेक कुबडी टाकत. फाटकातून आत आले. आत्या म्हणाल्या, "तू दिल्यास व्हय रिंगा?"

हे म्हणाले, "तवाच्या राहिल्या हुत्या, आई."

आत्यांनी दुधाच्या हातानंच त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुकन्या, च्या टाक. पोचला."

मशीन आज पुन्हा लावलंय. आत्यांनीच सांगितलं. पण तू फोन करू नकोस. ते अजून दोनच रिंगा ओळखतं आणि त्या रिंगा ह्या घरात आता फक्त ह्यांच्या आहेत. आत्यांचा निरोप जसाच्या तसा लिहिते, "त्याला म्हणावं, एसटीनं ये, हितं बसून त्याला दुसरं काय ते शिकीव. आन पोचल्यावर दारातनं हाक मार."

तुझी,
ताई